मावशीच्या नावाची शिळा

ताल्लिन, जुनं गाव
३ जून २००८

चि. तार्वो यास सलमेमावशीचे आशीर्वाद, रागावून का होईना.

मी मेल्याचं आज समजलं. खिडकीत बसून काळ्या पावाला लोणी लावत होते. खाली तुझी अकरा वाजताची फिनलंडची पर्यटक मंडळी आली. तू छत्री उंच धरून त्यांना सांगितलंस, की ह्या तिसऱ्या मजल्यावर सलमे नावाची म्हातारी पन्नास वर्षं एका खलाशाची वाट बघत बसली आणि गेल्या हिवाळ्यात गेली. एका बाईनं डोळे पुसले. मलाही गलबलून आलं. मग लक्षात आलं, अगं बाई, मेलेली मीच!

अरे मेल्या, कुठला खलाशी? तुझे काका ट्रॉलीबस चालवायचे, आणि रोज सहाला घरी यायचे. आणि फिन्निश मला समजत नाही असं वाटलं काय तुला? फिनलंडचा टीव्ही बघत उभं आयुष्य गेलं माझं.

तुझी आई गेली तेव्हा चार वर्षांचा होतास. बेटावरून तुला मीच इथं आणलं. आता मी फोन घेणार नाही. काय सांगायचं ते लिहून जिन्याखालच्या पेटीत टाक.

तुझी (सध्या हयात)
सलमेमावशी


५ जून

ति. सलमेमावशीस तार्वोचा नमस्कार आणि दोन्ही कान धरून माफी.

चूक झाली, कबूल. पण थोडी तुझीही आहे. मी गल्लीत उभा राहून घराचं साल सांगतो, आणि तू वरून ओरडतेस, 'खोटं! अकरा वर्षं आधीचं आहे!' तटबंदीची उंची सांगितली तरी तेच. माणसं माझ्याकडे बघायची सोडून तुझ्याकडे बघतात. आधी मी सांगायचो, बाई जरा भ्रमिष्ट आहे. तर माणसं तुला हात करायला लागली, आणि तूही करायला लागलीस!

एप्रिलमध्ये तू दातांच्या डॉक्टरकडे गेली होतीस. खिडकी रिकामी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, की गेली बिचारी. मावशी, नऊ वर्षांत पहिल्यांदा माझी माणसं गप्प झाली गं. आता आमच्या सहल कंपनीच्या मालकीणबाईंनी ते जाहिरातीच्या पत्रकात छापलंय.

गाईडची परीक्षा मी चौथ्या खेपेला पास झालो, तुला ठाऊकच आहे. खोटं उघडं पडलं तर छातीवरचा बिल्ला जाईल, आणि मला दुसरं काही येत नाही. तेव्हा एवढं कर: अकरा ते अकरा वीस स्वयंपाकघरात बस. चादरी दुपारी वाळत घाल. लोभ होताच, तो राहू दे.

तुझा
तार्वो


१२ जून

चि. तार्वो यास आशीर्वाद. किती दिवस देऊ शकेन, सांगता येत नाही.

मी सात दिवस स्वयंपाकघरात बसले. त्याचं फळ बघ. काल आमच्या सोसायटीचे चेअरमन लेपिक दारात आले, हातात कार्नेशनची दोन फुलं! सम संख्येत फुलं मेलेल्याला वाहतात, जिवंत माणसाला कोण देतं रे? म्हणाले, तुमच्या मालकीणबाई आमच्या भिंतीवर माझ्या नावाची शिळा बसवणार, येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी, बारा वाजता. वर जन्मसाल, खाली मृत्यूचं साल, आणि एक गलबत.

मी संध्याकाळी मीटिंगला गेले. उभी राहून म्हटलं, मी जिवंत आहे. लेपिक म्हणाले, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही. हयातीचा दाखला आणू का विचारलं, तर म्हणाले आणा, फाइलला लावू. शिळेनं घराची शान वाढेल म्हणून सगळ्यांनी हात वर केले. तळमजल्याच्या विइवेनं तर मला धीर दिला, की फार सोसलंस गं शेवटी शेवटी.

आता खरं सांगते. तुझी सालं चुकोत नाहीतर बरोबर असोत, मला काय त्याचं? तू रोज माझ्या खिडकीखाली येतोस आणि वर येत नाहीस. दोन वर्षं झाली. ओरडलं की निदान मान तरी वर करायचास.

शनिवारी तुलाच बोलायचंय म्हणे. तिथं सगळ्यांसमोर खरं सांग. नाही सांगितलंस, तर तुझ्यापुरती मी खरंच गेले असं समज.

मावशी


१७ जून

ति. मावशीस नमस्कार.

मालकीणबाईंना सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, पत्रकं बारा हजार छापलीत, आता मावशींनीच समजून घ्यावं. उन्हाळाभर तुला बेटावर ठेवायची व्यवस्था करते म्हणाल्या, समुद्र दिसेल अशी खोली. मी काहीच बोललो नाही. मला बोलायला हवं होतं. बिल्ला गेला तर काय करू, हेच डोक्यात फिरतंय. शनिवारचं शनिवारी बघू.

तुझा भित्रा
तार्वो


२२ जून

चि. तार्वो यास पोटभर आशीर्वाद.

तू आतल्या खोलीत घोरतोयस. तोंडानं सांगायला गेले तर रडू येईल, म्हणून हे लिहून तुझ्या बशीखाली ठेवतेय.

काल मी पडद्याआड उभी होते. तू शिळेपुढे उभा राहिलास, कागद खिशात घातलास, आणि ओरडलास, की ही बाई माझी मावशी आहे, हिनं मला वाढवलं, ही जिवंत आहे, मी खोटं बोललो. माणसांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, कार्यक्रमातलंच आहे. तू पुन्हा ओरडलास. त्यांनी फोटो काढले. मग कुणीतरी म्हणालं, जिवंत असेल तर हात करू दे.

हात मी उचललाही होता. मग म्हटलं, मी का पुरावा देऊ? ज्याला खात्री हवी त्यानं जिना चढावा. तू बिल्ला काढून मालकीणबाईंच्या हातात दिलास, आणि तिन्ही मजले धावत आलास. दारात तुला धाप लागली होती. मी आधी तुला बसवलं आणि पाणी दिलं.

नोकरीचं बघू. तू रिकामा बसणारा नाहीस. तोवर रुबार्बच्या आंबट देठांचा केक आहे, आणि माझी पेन्शन आहे.

लेपिक आत्ताच येऊन गेले. शिळा कोरून झाली, आता तिचं काय करायचं, विचारत होते. म्हटलं, तळघरात ठेवा, कधीतरी लागेलच. मृत्यूचं साल तेवढं घासून घ्या, मला घाई नाही.

तुझी
सलमेमावशी