मुलं किती?

फ्रेस्नो, १७ फेब्रुवारी

चि. एफ्राइन यास ताईचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. एकविसावं सरत आलं तरी तुझं अक्षर कुत्र्याचे पाय मांजराला! काउंटीच्या बालकल्याणवाल्यांनी आपल्याला आईकडून नेऊन दोन परक्या घरांत वाटलं तेव्हापासून पत्रं लिहितोय, एवढ्या वर्षांत माणूस सुधारतो.

आता कामाचं. शनिवारी वाचनालयात लोकांचे कर फुकट भरून देतो त्या आमच्या टेबलावर तुझा कराचा रिटर्न भरला ना, तो परत आला. तुझा सोशल सिक्युरिटीचा नंबर आधीच कुणीतरी आपल्या रिटर्नमध्ये वापरलाय, ‘माझ्याकडे राहणारा मुलगा’ म्हणून. कुणी, ते तुलाही कळलं असेल. आईने. तू तेरा वर्षांचा असल्यापासून काउंटीच्या सांभाळात, गेलं अख्खं वर्ष त्यांच्याच खोलीत. तिला असं लिहायचा काही हक्क नाही.

सांभाळात वाढलेल्या मुलांना राज्य करात जी रोख सवलत देतं ती तुझी आहे. जूनमध्ये एकवीस पूर्ण झाली की काउंटीचा सांभाळ संपतो, ती खोली सोडायची, आणि नव्या खोलीची अनामत याच पैशांतून भरायची असं आपलं ठरलंय. तेव्हा रिटर्न कागदावर पाठवू, सोबत तुझ्या सोशल वर्करचं पत्र जोडू, की तू आईकडे राहत नव्हतास. मग कर खातं आईला विचारेल. विचारू दे.

जेवत जा वेळेवर. माया आहे तशीच ठेव.

तुझी ताई,
येसेनिया

बेकर्सफील्ड, २५ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

रविवारी डेलानोला आईकडे गेलो होतो. तिचा नवरा रोहेलियो घरी नसतो तेव्हाच जातो, त्याचा मार विसरलो नाहीये, काळजी करू नकोस. विचारायचं म्हणूनच गेलो, पण तिने कोंबडीचा रस्सा केला होता, त्यातली मक्याची कणसं सगळी माझ्याच वाडग्यात घातली, आणि माझी जीभ उचलेना. मागच्या खोलीत माझा पलंग अजून आहे. चादर धुतलेली होती.

माझं नाव लावून मिळालेले कराच्या परताव्याचे पैसे गाडीच्या ब्रेकला गेले, हे ती आपणहूनच बोलली. गाडी नसली तर ती पहाटे द्राक्षं भरायच्या शेडला कामाला जाणार कशी? आणि सरकारने पैसे परत मागितले तर रोहेलियो काय करेल, ते तुला मी सांगायला नको.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रिटर्न पाठवला तर आई अडकते, नाही पाठवला तर जूनमध्ये मी रस्त्यावर. तुला काय, सहा वर्षं तिच्याशी बोलत नाहीस. ‘विचारू दे’ म्हणणं तुला सोपं आहे. राग मानू नकोस.

लोभ आहे तो राहू दे.

तुझा,
एफ्राइन

फ्रेस्नो, ४ मार्च

चि. एफ्राइन यास अ. उ. आशीर्वाद.

राग आला होता, म्हणून उशिरा लिहितेय.

सोपं? मी एकोणीस वर्षांची असताना आईने माझंही नाव असंच लिहिलं होतं. मी तोंड शिवून बसले, तू देतोस त्याच कारणासाठी. तो हिवाळा मी गाडीत काढला, एका दुकानाच्या पार्किंगमध्ये. तुला पत्रांत लिहायचे, नवी खोली छान आहे, खिडकीतून झाड दिसतं. झाड खरंच दिसायचं.

टेबलासमोर तुझ्याएवढी पोरं येऊन बसतात. प्रत्येकाची एखादी आई नाहीतर आत्या असतेच, जिला दुखवायचं नसतं. मी म्हणते, बाबा रे, सही तुझी, हिंमतही तुझीच. तुलाही तेच सांगते. पण रोहेलियोचं लिहिलंस ते डोक्यातून जाईना, म्हणून आईला पत्र टाकलंय. शेडच्या पत्त्यावर टाकलंय, त्याच्या हाती लागणार नाही. भांडले नाही. फक्त गाडीतल्या हिवाळ्याचं सांगितलं. तिला ते ठाऊक नव्हतं.

तिचं उत्तर येईतोवर तू माझ्यावर रुसू नकोस.

ताई

डेलानो, १५ मार्च

चि. एफ्राइन यास आईचे अनेक आशीर्वाद.

येसेनियाचं पत्र शेडमध्येच वाचलं. मुकादमीण ओरडत होती, तरी हात चालेना. माझी पोर गाडीत झोपली आणि तिच्या नावावर आलेल्या पैशांतून मी फ्रिज घेतला.

कर भरून देणारा माणूस दर वर्षी विचारतो, मुलं किती? तुम्हाला नेलं त्या वर्षीही त्याने विचारलं. मी म्हणाले, दोन. दोन बाळंतपणं झालेल्या बाईने एकही नाही असं कसं म्हणावं? मग तो विचारतो, तुझ्याकडेच राहतात ना? मी म्हणते, पलंग आहे. तेवढ्यावर त्याचंही भागायचं नि माझंही.

काल त्याच्याकडे जाऊन दुरुस्ती करून घेतली. मुलगा माझ्याकडे राहत नव्हता, असं लिहून त्याखाली सही केली. तुम्हाला नेलं तेव्हा न्यायाधीशासमोर जे तोंडातून निघालं नाही ते लिहून दिलं. पैसे हप्त्यांनी फेडीन. रोहेलियोला कळू द्यायचं नाही.

तू रिटर्न पाठव, खोली घे. आणि जूनमध्ये इकडे राहायला येऊ नकोस, मी रडून बोलावलं तरी. पलंग काढून टाकणार होते, पण आता त्यावर मी झोपते. त्या मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे. येसेनियाने लहानपणी तुम्हा दोघांसाठी बसवली होती. अजून घट्ट लागते.

ताईला माझा आशीर्वाद सांग, घेत असेल तर.

तुम्हा दोघांची,
आई