एका घरात एकच नाव

मी, अच्युत बाळकृष्ण भोयर, वय वर्षे अडुसष्ट, पूर्वीचा धंदा माळीकाम, राहणार गोविंदपुरा, भोपाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला त्यांची गरज नाही. मला कोणी दटावलेले नाही की गोड बोलून लिहवून घेतलेले नाही. गोड बोलणारे माणूस या घरात उरलेले नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

१. माझे मूळ गाव सेमळखेडा. नकाशात शोधू नये, सापडणार नाही. तिथे आता कारखान्याची वसाहत आहे. माझ्या आजोबांसह हिंगणघाटकडची सात कुणबी घरे तिथे आली, तेव्हा सपाट माळ आणि पुरुषभर उंच कांस गवत, एवढेच होते. जो कांस मोडेल त्याची जमीन, असा बोलीचा करार. मुळे हातभर खोल. नांगरामागे बायका ती वेचत आणि जाळत. पाच वर्षांत गहू उभा राहिला. पुढे दोन भावांनी वाटणीवरून भांडून एक पट्टा पडीक ठेवला, तर एका पावसाळ्यात कांस तिथून साऱ्या शिवारात शिरला. तेव्हा गावाने मारुतीपुढे ठरवले: वाटणी करायची नाही, एका घरात एकच नाव. कागदावर थोरला, नांगरावर धाकटा. मी धाकटा होतो.

२. १९५७ साली कारखान्यासाठी जमिनी घ्यायला माणसे आली. ज्याचे नाव कागदावर, त्याला कारखान्यात नोकरी. पिंपळाखाली टेबल मांडून बसलेला बाबू भला माणूस होता. तो वडिलांना म्हणाला, "दादा, सब बालिग लड़कों के नाम लिखवा दो. नौकरी नाम पर मिलेगी." वडील छाती काढून म्हणाले, "हमारे घर में बँटवारा नहीं है, साब." सातही घरांनी हेच सांगितले. असा गाढवपणा जगात फक्त आमच्या गावाने केला असेल, आणि तोही अभिमानाने. माझे थोरले भाऊ मनोहर यांना नोकरी आणि क्वार्टर मिळाले. मला त्या क्वार्टरचा मागचा व्हरांडा मिळाला.

३. मी त्याच वसाहतीत ठेकेदाराकडे अडतीस वर्षे माळी म्हणून राबलो. ज्या चौकातल्या हिरवळीला मी पाणी घातले, तिथे आमचा गव्हाचा तुकडा होता. क्लबात बॅडमिंटन खेळतात, तिथे विहीर होती. भाद्रपदात हिरवळीतून कांसाचा कोंब डोके काढी. सुपरवायझर ओरडे, "अच्युत, ये जंगली घास निकालो!" मी काढत असे, पण एक ठोंब कुंपणाच्या कडेला मुद्दाम राखत असे. सूड म्हणून मी आयुष्यात एवढेच केले. माझी कातर आणि खुरपी ज्याला हवी त्याने न्यावी. आजोबांची कांस खणायची कुदळ माझी मुलगी कुसुम, राहणार उज्जैन, हिला द्यावी. ही कशाची, असे तिनेच एकदा विचारले होते.

४. मनोहरदादांविषयी. १९८८ साली ते निवृत्त झाले. क्वार्टर सोडताना त्यांनी जुन्या कागदांची पेटी माझ्याकडे ठेवायला दिली. तीत त्यांच्या नोकरीच्या अर्जाची नक्कल निघाली. घरात आणखी कोणी सज्ञान पुरुष आहे काय, असा त्यात प्रश्न होता. म्हणजे त्या लोकांनी दुसऱ्यांदा विचारले होते. दादांनी आपल्या सुरेख अक्षरात उत्तर लिहिले होते: एक छोटा भाई, उम्र पंद्रह. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि दोन बैलांचा नांगर एकटा हाकत होतो.

मी नक्कल त्यांच्यापुढे धरली. ते म्हणाले, "बाबांनीच सांगितलं होतं. दुसरं नाव दिलं असतं तर घर फुटलं असतं, अच्युत."

त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही. सहा वर्षांनी ते वारले. खांदा दिला, रडलो नाही. मी त्यांना माफ केलेले नाही, आणि माझ्या मागे कोणी "दोघे भाऊ वर एकत्र आले" असले काही बोलू नये.

५. गोविंदपुऱ्यातले घर, पुढे दोन खोल्या आणि मागे एक, मी व माझी दिवंगत पत्नी सिंधू यांनी उभे केले. मागच्या खोलीत मनोहरदादांच्या पत्नी मालतीवहिनी राहतात. दादांचा फ्लॅट त्यांच्या मुलाने, प्रभाकरने, एकट्याच्या नावावर करून घेतला, विकला आणि तो पुण्याला गेला. जाताना आईला "आठ दिवसांसाठी" माझ्याकडे सोडले. त्या आठ दिवसांना दहा वर्षे झाली.

माझा मुलगा विश्वास याला हे घर बिल्डरला द्यायचे आहे. गेल्या महिन्यात जेवताना म्हणाला, "बाबा, मकान माझ्या नावावर करून टाका ना, बात खतम. काकूंना प्रभाकरभैयाकडे भेजून देऊ. अपनी काय जिम्मेदारी आहे?" वहिनी तिथेच पोळ्या लाटत होत्या. लाटणे थांबले नाही. दादांचा आला नसेल इतका राग मला पोटच्या मुलाचा आला. पण खरे लिहायचे तर, "हे घर तुझंच" असे त्याला लहानपणापासून मीच म्हणत आलो. कुसुमला कधी म्हटले नाही. वहिनींचा तर विचारच केला नाही. बापाला आणि भावाला जन्मभर शिव्या घातल्या आणि वागलो त्यांच्यासारखाच. याची मला लाज वाटते.

म्हणून हे घर माझ्या पश्चात विश्वास, कुसुम आणि मालती मनोहर भोयर या तिघांच्या सारख्या मालकीचे राहील. तिघांच्या सह्या असल्याशिवाय ते विकता किंवा गहाण टाकता येणार नाही. मागच्या खोलीतून वहिनींना त्या जिवंत असेतो कोणीही हलवू नये. महाराणा प्रताप नगरातले वकील म्हणाले, "दादा, एक ही नाम रखिए, बाद में झंझट नहीं होगी." त्यांची फी देऊन मी घरी आलो आणि कागद स्वतः लिहायला घेतला.

६. बँकेत जे असेल त्यातून माझे क्रियाकर्म करावे, उरेल ते कुसुमला. सेमळखेड्याची माणसे दर वर्षी जमून गावाच्या एकीवर भाषणे करतात. त्यांनी माझी शोकसभा घेऊ नये. त्या एकीचा खर्च माझ्यासारख्या सात घरांतल्या धाकट्यांनी सोसला आहे, आणि त्यांपैकी कोणालाही आजवर माईक मिळालेला नाही.

७. काल हा मसुदा वहिनींना वाचून दाखवला. त्या शेंगा सोलत होत्या. ऐकून म्हणाल्या, "भाऊजी, माझं नाव काढा. विश्वासचं एकट्याचं ठेवा. तो थोरला आहे."

मी विचारले, "आणि उद्या त्यानं बाहेर काढलं तर जाल कुठे?"

"जाईन कुठंतरी. माझ्या नावापायी घर फुटायला नको."

एवढे भोगून ही बाई असे म्हणते, म्हणजे आमच्या गावाने कुणाचे काय करून ठेवले आहे, ते मला काल कळले. वहिनी रागावल्या आहेत; आज सकाळी त्यांनी मला चहा दिला नाही. घरातला वाटा त्यांना मान्य नसला तरी नाव मी काढलेले नाही. पुन्हा स्वच्छ लिहितो: मालती मनोहर भोयर, वय एकोणसत्तर.

ठिकाण: गोविंदपुरा, भोपाळ
दिनांक: ९ नोव्हेंबर २००६

(सही) अच्युत बाळकृष्ण भोयर

वरील सही अच्युतरावांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या.

१. (सही) विजया गंगाधर मुळे, निवृत्त शिक्षिका, शेजारी
२. (सही) मधुकर टेंभरे, राहणार नेहरू नगर. मूळ गाव सेमळखेडा, घरातला धाकटा