भिवापूरचे समाधानी लोक

३ फेब्रुवारी, मंगळवार

शंभर टक्के समाधानी म्हणे!

दवाखान्याच्या पाच वर्षांच्या आराखड्यासाठी तीन महिने मी लोकांची मतं गोळा केली — पेशंट, नातेवाईक, नर्सेस. भिवापूरचे फॉर्म बेचाळीस. माझंच गाव. एकही तक्रार नाही. आज मीटिंगमध्ये आमच्या साहेबांनी, मनोहरराव सरांनी, नेमकं तेच पडद्यावर दाखवलं. "तिथले लोक खूश आहेत. दर मंगळवारची ओपीडी महिन्यातून एकदा केली तरी चालेल. तो डॉक्टर आपल्याला शहरात, बेसाच्या नव्या इमारतीत लागेल."

म्हटलं, सर, डॉक्टर दर मंगळवारी येतात म्हणूनच तर खूश असतील!

"मॅडम, सर्व्हे तुमचाच ना?"

सगळे हसले. माझ्या शेजारची श्वेतासुद्धा.

५ फेब्रुवारी

डोकं अजून तापलेलंच. आणि एकही तक्रार नाही, हे तरी कसं? तिथे गोळ्या अर्ध्या वेळा संपलेल्या असतात. डॉक्टर बाराला येतात, दोनला निघतात. मला माहीत आहे ना!

८ फेब्रुवारी, रविवार

घरी गेले. आईला विचारलं. ती मिरच्यांचे देठ खुडत होती. वर न बघताच — "तुह्या गळ्यात त्यायचं कार्ड होतं नं वं. आमी नावं ठेवतो, अन् साहेब तुलेच झापतीन!"

शेजारच्या तुळसाबाई तिथेच होत्या. "घरात तूच पहिली शिकली. आमीच तुहा पेपर बिघडवाचा काय?"

पेपर! मला पास करायला बेचाळीस जण खोटं बोलले. तुळसाबाईंची साखर साडेतीनशेवर, महिनाभर गोळी नाही — आणि फॉर्मवर 'उत्तम'. ओरडले दोघींवर. मग माझीच लाज वाटली. ते दवाखान्याचं कार्ड काढून पर्समध्ये टाकायचं मला सुचलं नाही. बी.ए. फर्स्ट क्लास!

९ फेब्रुवारी

सरांना सगळं सांगितलं. भिवापूरचे फॉर्म रद्द करा, मी पुन्हा घेते.

"आराखडा छापायला चाललाय." वरून एक कागद पुढे सरकवला — माहिती खरी असल्याची सही करा.

नाही केली.

"मग कार्ड जमा करा."

केलं! रागानं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

भिवापूर. ओपीडीच्या रांगेत तुळसाबाईंजवळ बसले, कोरी वही उघडली. त्यांनी आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"आता त्यायची नाही नं तू? मंग लिही."

दोन वाजेपर्यंत वही संपली.