न बुडालेलं जहाज

३ जुलै

रिकाम्या हाताने परत! ठाकूरद्वारच्या आतल्या गल्लीत ते दुकान शोधण्यातच निम्मी दुपार गेली, आणि निवडायला लागले तर डोकं गरगरलं. जहाजांची किट म्हणे — लाकडाच्या पट्ट्या, दोरे, शिडांचं कापड, सगळं एका खोक्यात. घरी बसून आपण जोडायचं. खोकी छतापर्यंत रचलेली आणि प्रत्येकावर तेच चित्र, फुगलेली शिडं. दुकानदार पोरगेलासा, भावेश नाव. विचारतो, "आंटी, बिगिनर की अॅडव्हान्स?" म्हटलं, शाळेत चित्रकला शिकवण्यात जन्म गेला माझा, गणपतीचं मखर दरवर्षी मी स्वतः करते. "म्हणजे बिगिनर," म्हणाला. मेला!

पण घ्यायचं तर आहेच. स्वप्नील जाताना सांगून गेलाय — "आई, या वर्षी बाप्पापुढे शिडाचं जहाज. तू आणि बाबा बांधून ठेवा, मी गणपतीला येतोच." ऑगस्टमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतं. येतोच म्हणालाय म्हणजे येईल. येईल ना?

४ जुलै

ठिपका सिंगापूरच्या खाली. हिरवा. सगळं ठीक.

५ जुलै

ठिपक्याचं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच वाचून म्हणेन, ही बाई काय बरळतेय! फोनवर एक अॅप आहे, त्यात जगातली जहाजं ठिपक्यांसारखी दिसतात. स्वप्नीलच्या जहाजाचं नाव त्यानेच घालून दिलंय — नॉर्दर्न जास्मिन. चहा घेताना मी आधी ते बघते, मग पेपर. गेल्या खेपेला तो दुसऱ्या जहाजावर होता आणि लाल समुद्रात त्याचा ठिपका गायबच झाला. मी कंपनीच्या ऑफिसात फोन करकरून त्यांना वीट आणला आणि शेवटी बीपी वाढून मीच दवाखान्यात पडले. स्वप्नील आल्यावर केवढा चिडला होता माझ्यावर! या वेळी म्हणाला, "आई, साधा रूट आहे, चेन्नई–सिंगापूर, चेन्नई–सिंगापूर. बेस्टच्या बससारखा." बरं वाटतं ते ऐकून. तरी बघितल्याशिवाय राहवत नाही.

७ जुलै

एक आवडलं होतं. स्वीडनचं, वासा नावाचं. मागच्या बाजूला काय कोरीवकाम! भावेशने फोटो पाठवले. सहज नेटवर वाचायला घेतलं तर — पहिल्याच दिवशी, बंदरातच, राजाच्या लोकांसमोर बुडालं. मी फोनच पालथा घातला.

ह्यांना सांगितलं तर पोट धरून हसले. "अगं, चारशे वर्षांपूर्वी बुडालेल्याचा आणि आपल्या पोराचा काय संबंध? पट्ट्या आणि गोंद आहे तो!" त्यांचंही बरोबरच. अमावास्येला मुद्दाम साखरपुडा करणारा माणूस. वर्कशॉपमध्ये मशिनला लिंबू-मिरची बांधली की रामदास पवार कापून टाकणार, ही ख्याती! पण वासा नको.

९ जुलै

दुसरी बघितली. बाउंटी — खलाशांनी बंड केलं, पुढे जाळून टाकलं. सांता मारिया — ऐन नाताळात किनाऱ्याला लागून फुटलं. ब्लूनोज दिसायला काय देखणं, पण तेही शेवटी खडकावर! किट विकणाऱ्यांना चांगली जहाजं मिळत नाहीत का?

१२ जुलै

ठरवलं. ब्लूनोज. हे म्हणतात तेच खरं, पट्ट्या आणि गोंद. किती भ्यायचं माणसाने! सोमवारी जाऊन आणते.

१५ जुलै

आता काय म्हणावं! काल भावेशकडून खोकं आणलं, टेबलावर ठेवलं. आज सकाळी ह्यांनी ते उचललं, पिशवीत घातलं आणि परत करून आले. मला न विचारता. "बुडालेलं जहाज घरात नको."

मला वाटलं चेष्टा करतायत. चेहरा बघितला तर नाही. म्हटलं, तुम्हीच ना हसत होतात? तर म्हणे, "हसलो, चुकलो." तेहतीस वर्षांच्या संसारात हा माणूस चुकलो म्हटलेला मला आठवत नाही.

१७ जुलै

बातम्यांत दाखवत होते, आखातात कुठलंसं मालवाहू जहाज तिथल्या फौजेने अडवून ठेवलंय, खलाशी बरेचसे आपल्याकडचे. नाव सांगणार एवढ्यात ह्यांनी चॅनेल बदललं. क्रिकेट! मी ओरडले. बिचाऱ्या त्या पोरांच्या आया, कशा जेवत असतील? आपला सिंगापूरला आहे हे नशीब. देवापुढे त्यांच्यासाठीही हात जोडले.

स्वप्नीलचा मेसेज नाही. "जहाजावरचं वायफाय बिघडलंय, मला ऑफिसातून कळलं," म्हणाले हे. ठिपका मात्र छान चाललाय.

२० जुलै

आज दोघं गेलो दुकानात. लाजेने मेले! हे एकेक खोकं उचलून भावेशला विचारत होते, "हे बुडालं? आणि हे?" गिऱ्हाइकं बघत होती. शेवटी भावेश म्हणाला, "काका, सच बोलू? फेमस जहाज म्हणजे बुडालेलं, जळालेलं नाहीतर लढाईत फुटलेलं. त्याशिवाय फेमस कोण करणार?" मग कटी सार्क काढलं, चहा वाहून नेणारं. ते लंडनला अजून उभं आहे. मी खूश. तर भावेशच्या तोंडून निघालं, मध्ये त्याला आग लागली होती. "नको!" — हे.

मग त्यानेच फोनवर एक दाखवलं. ट्रिंकोमाली. आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेलं, सागवानाचं. दोनशे वर्षं उलटली, अजून इंग्लंडात पाण्यावर तरंगतंय! हे फोन हातात घेऊन बघतच राहिले. डोळ्यांत पाणी. खरंच पाणी! दुकानात, चारचौघांत. "हे दे," म्हणाले. भावेशकडे त्याचं किट नव्हतं. बाहेरून मागवलं तरी कधी येईल सांगता येत नाही म्हणाला.

रस्ताभर स्वतःच्या फोनवर तेच जहाज बघत होते. मला भीती वाटायला लागलीय. सासरेबुवांचंही असंच सुरू झालं होतं. आधी उगाच रडू यायचं, मग एक दिवस घरचा रस्ता विसरले.

२३ जुलै

फोन आला की खाली गेटपाशी जाऊन बोलतात. विचारलं तर "युनियनचा जुना माणूस." जेवण निम्मं. काल माझ्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं तरी ह्यांना कळलं नाही.

मीही आज वाट्टेल ते बोलून बसले. ताटावर पुन्हा बुडण्याचा विषय निघाला, तेव्हा म्हटलं, "आपण दरवर्षी देवाला समुद्रात बुडवतो ते चालतं का?" गमतीत म्हटलं हो! हे ताटावरून उठले. "तो देव आहे सीमा. तो परत येतो." दार लावून घेतलं. मी ताट झाकून ठेवलं आणि रडले. काय झालंय ह्यांना?

२६ जुलै

ठिपका चेन्नईच्या वाटेवर.

३० जुलै

घेतलं एकदाचं! दोन डोलकाठ्यांचं, छोटं. भावेशने सांगितलं, "काका, हे कुठलंच खरं जहाज नाही. किटवाल्यांनी मनाने डिझाइन केलंय."

"म्हणजे बुडालं नाही," हे.

"काका, तरंगलंही नाही!"

पहिल्यांदाच जरा हसले. मलाही हायसं वाटलं. आणि तिथेच माती खाल्ली. भावेश म्हणाला, पितळेच्या पट्टीवर नाव कोरून देतो, फ्री. मी म्हटलं, लिही — नॉर्दर्न जास्मिन. स्वप्नील आला की खूश होईल.

"ता नाव नको!" हे एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला. शहाणासुरता माणूस, घरातसुद्धा फार तापल्याशिवाय मालवणी येत नाही तोंडात. "ता नाव नको म्हणून सांगतंय ना!" भावेशने पट्टी गपचूप खणात ठेवली. मी टॅक्सीत खिडकीबाहेर बघत बसले. पोराच्या जहाजाचं नाव, त्यात एवढं काय?

३ ऑगस्ट

काम सुरू केलंय. टेबलावर पेपर, गोंद, चिमटे. पट्ट्या पाण्यात भिजवून वाकवायच्या आणि सांगाड्यावर एकेक चिकटवायच्या. माझा हात अजून बरा आहे. हे समोर बसून पट्टी धरून ठेवतात. गोंद वाळला तरी सोडत नाहीत. "सोडा आता," म्हटलं तर, "फट राहता कामा नये. पाणी शिरेल." अहो, हे मखरात ठेवायचंय, पाण्यात नाही! पण म्हटलं नाही तसं. बोलायची आता चोरीच झालीय.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

लतिका आली होती, आठव्या मजल्यावरची, आमच्या जुन्या चाळीपासूनची. दारातूनच म्हणाली, "सीमा, भावोजींनी कधीपासून देवधर्म सुरू केल्यानी गो?" तिची बहीण माहीमला राहते. तिथे कोळीवाड्यात आज नारळाची मिरवणूक. त्या गर्दीत तिला हे दिसले! हातात सोनेरी कागद लावलेला नारळ, कोळ्यांच्या मागून चालत पाण्यापर्यंत गेले म्हणे.

संध्याकाळी आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली, कपाळाला गुलाल. विचारलं, कुठे होतात? "दादरला, फिरायला." माझ्या तोंडावर खोटं! टॉवेल दिला. भिजून गार पडले होते हात त्यांचे, आणि मी ते धरले नाहीत. धरायला हवे होते.

११ ऑगस्ट

परळच्या डॉक्टरांची वेळ घेतली, मेंदूच्या. ह्यांना सांगितलेलं नाही, बीपी दाखवायला जायचंय म्हणणार. स्वप्नीलला काय सांगू? तो आनंदाने गणपतीला यायचा आणि दारात बाप ओळखणार नाही, असं काहीबाही मनात येतं. देवा, मुलगा सुखरूप आहे, आता ह्यांना सांभाळ. एवढंच मागते.

१४ ऑगस्ट

जहाजाचं पोट पूर्ण झालं. सुंदर झालंय. हे त्यावर हात फिरवत कितीतरी वेळ बसले होते.

१५ ऑगस्ट

ठिपका पुन्हा सिंगापूर. बंदरात उभा. ह्यांना दाखवला, "बघा, पोचला." त्यांनी मान हलवली, बघितलं नाही.

१८ ऑगस्ट

स्वप्नीलचा फोन. माझ्याच फोनवर, कुठल्यातरी लांबलचक नंबरावरून. आवाज खोल गेलेला. "आई, सोडलं आम्हाला. सगळ्यांना. मस्कतला उतरलोय, परवा घरी." मी म्हटलं, अरे मस्कत कुठून आलं? तू सिंगापूरला ना, काल तर तुझा ठिपका —

त्याने मला तिथेच थांबवलं. मग म्हणाला, "आई, मी त्या जहाजावर नव्हतोच. तू मागच्यासारखी आजारी पडशील म्हणून दुसऱ्याच जहाजाचं नाव घालून दिलं होतं. बाबांना माहीत होतं. आम्हाला आखातात अडवलं तेव्हा त्यांना ऑफिसातून फोन गेला. त्यांना रागावू नकोस. मीच शपथ घातली होती."

फोन ठेवून वळले तर हे दारात उभे. माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं त्यांना. खालीच बसले, उंबऱ्यावर, आणि लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. मी शेजारी बसले. मी निवांत जेवत होते, ठिपका बघून झोपत होते, वर ह्यांनाच वेड लागलं म्हणत होते. आणि आमच्या पोरासाठी घरात जागा होता तो एकटा हा माणूस.