उतरता खांदा

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हा साष्टांग नमस्कार आज मी आमच्या यंत्रासमोर खरोखरच घालून बघितला, आणि आडवा होताच पडद्यावरून गायब झालो. ते एक वेळ चालेल, लोक उभं राहूनच खेळणार आहेत. खरं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलंय.

मी नक्की करतो काय, असं तू नेहमी विचारतेस. टीव्हीखाली ठेवायचा एक कॅमेरा. समोर उभं राहून रिकाम्या हाताने चेंडू मारल्यासारखं केलं की पडद्यावरचा खेळाडूही तसंच करतो. हातात काही धरायचं नाही, बटण दाबायचं नाही. सात वर्षं याच्या मागे आहे. तुझ्या दुकानातून उचलून आणलेला कपड्यांचा पुतळा (आम्ही त्याला ‘साहेब’ म्हणतो) रोज सकाळी समोर उभा करून त्याच्या मापावर यंत्र जुळवून घेतो. साहेबांना ते बिनचूक ओळखतं. जिवंत माणूस आला की मात्र पडद्यावरचा हात थरथरायला लागतो.

वीस तारखेला वरिष्ठांना दाखवायचंय. हात थरथरला तर काम बंद, आणि आम्ही चौघं चार दिशांना. मी हात टेकलेत गं. फोनवर तुला शिलाई मशीनच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून लिहिलं. तुझ्याशी बोललं की निम्मं ओझं कमी होतं.

तुझा,
चुळबुळ्या

८ मार्च

चि. चुळबुळ्यास,
अ. उ. आ. पत्र वाचून आधी पोटभर हसले. साहेब म्हणे! तो पुतळा मी अडगळीत का टाकला होता, हे नेताना विचारलंस का? त्याचे दोन्ही खांदे एका रेषेत आहेत. असं एकही गिऱ्हाईक तीस वर्षांत माझ्या दाराशी आलेलं नाही. आमच्या पोस्टमनचा पिशवीकडचा खांदा उतरलाय. समोरच्या शिक्षिकेचा फळ्यावर लिहून लिहून एक खांदा चढलाय. त्या पुतळ्यावर बेतलेला कोट कुणालाच बसेना. मी आपलं उतरत्या बाजूला आतून पॅड घालते, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही.

आणि पडद्यावर तुम्ही ‘सरळ उभे राहा’ असंच लिहिलं असणार, हो ना? तसं सांगितलं की माणूस फोटोसाठी उभा राहतो आणि माप चुकतं. मी सांगतच नाही. गुडघा काय म्हणतोय, मुलीचं पत्र आलं का, असं काहीतरी विचारते. माणूस बोलायला लागला, खांदे सैल सुटले, की टेप लावते. तुझं माप तर गोष्ट सांगतच घ्यावं लागायचं.

तुझ्या यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. चुकलं असेल तर सोडून दे, पण जेवण सोडू नकोस. उत्तराची वाट बघतेय.

तुझी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि खुर्चीत बसूनच राहिलो. पडद्यावर तेच शब्द होते, तेही ठळक अक्षरांत! आम्ही साहेबांवरून यंत्राला माणूस शिकवला, मग ते प्रत्येकाला साहेबांच्या साच्यात कोंबायला लागलं. माणसाचा खांदा खाली ओढायचा, यंत्र वर ओढायचं, आणि त्या ओढाताणीत बिचारा हात थरथरायचा.

ती सूचना काढून टाकली. आता यंत्र आधी विचारतं, ‘आज कसं वाटतंय?’ माणूस हसतो, सैलावतो, आणि तेवढ्यात ते त्याचे स्वतःचे खांदे मोजून घेतं. काल वरिष्ठ बाई समोर उभ्या राहिल्या. त्यांचा एक खांदा चांगलाच चढलेला. त्यांनी हात फिरवला आणि पडद्यावरचा हात शांतपणे फिरला. माझा जीव भांड्यात पडला. काम चालू राहणार!

ताई, हे तुझ्यामुळे झालं. किती वेळा म्हटलं तरी कमीच. एकदा येऊन खेळून जा. साहेबांना निवृत्त केलंय, आता त्यांच्यावर आमचे कोट लटकतात.

तुझाच,
चुळबुळ्या

२ एप्रिल

चि. चुळबुळ्यास,
अ. उ. आ. सुखरूप पोचले. या वयात मी हवेत हात मारून चेंडू टोलवले, हे इथे कुणाला सांगू नकोस, गिऱ्हाइकं पळतील. तुझी माणसं फार गोड आहेत. ती चष्मेवाली मुलगी तर मला सोडायलाच तयार नव्हती.

एक मनात राहिलंय. मी यंत्रासमोर उभी राहिले, पडद्यावर माझी काड्यांची आकृती आली, आणि तू एकदम बाजूला झालास. नंतर मान खाली घालून तारा गुंडाळत बसलास. काही बिघडलं का माझ्यामुळे? खरं काय ते लिही.

तुझी,
ताई

६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. काही बिघडलं नव्हतं. यंत्राने बरोबरच मोजलं होतं. तुझा डावा खांदा दोन बोटं उतरलेला आहे. चष्मेवालीने मला हळूच विचारलं, या बाईंनी जन्मभर काय उचललं?

मी म्हणालो, मला.

आई कामावर जायची, मी चालायला उशिरा शिकलो, आणि शिकल्यावरही चालायचं नाव काढत नव्हतो. तू दहा वर्षांची. डाव्या कडेवर मी, उजव्या हाताने सगळं घरकाम. सगळ्या गावाला पॅड घालतेस, स्वतःच्या कपड्यांना कधी घातलं नाहीस. मला ते इतक्या वर्षांत दिसलं नाही, आणि माझ्या यंत्राला दोन सेकंदांत दिसलं.

तुझं माप मी पुसलेलं नाही. रोज सकाळी साहेबांच्या जागी आता त्यावरच यंत्र जुळवून घेतो. त्याला सांगून ठेवलंय, हा खांदा आहे तसाच बरोबर आहे.

तुझ्या कडेवरून अजून न उतरलेला,
चुळबुळ्या