मार्कसचा गुडघा

२२ ऑगस्ट
कॅम्प सुरू. अमेरिकेत असून ऊन थेट नागपूरचं. कॉलेजच्या फुटबॉल टीमची फिजिओ म्हणून तिसरं वर्ष, तरी आईला फोनवर दरवेळी सांगावं लागतं, "अगं, पायाने खेळतात तो नव्हे. अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला."
यंदा कॅप्टन मार्कस. त्याचं शेवटचं वर्ष. लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सचा मधला खांब. प्रॅक्टिसनंतर बर्फाच्या टबात आधी नव्या पोरांना बसवतो. स्वतः शेवटी. तोवर पाणी कोमट.

१३ सप्टें.
दुसरी मॅचही हरलो. बसमध्ये सगळ्यांच्या माना खाली. मार्कस सीट बदलत प्रत्येकाशेजारी थोडा थोडा वेळ बसला. काय बोलला देव जाणे. उतरताना पोरं हसत होती.

४ ऑक्टो.
सलग तिसरा विजय. आणि मार्कसचा गुडघा.
धावत मैदानात गेले. हात लावला आणि कळलं. तो माझ्या चेहऱ्याकडेच बघत होता. "मिस शुभा, डोन्ट बी नाइस." सांगून टाकलं: लिगामेंट आहे, पूर्ण तुटलं नसावं, पण बरेच आठवडे खेळणं बंद.
"टायलर कुठंय?" एवढंच विचारलं. टायलर फर्स्ट इयरचा, याच्या जागी खेळणार तो. त्याला खाली वाकवून कानात काहीतरी सांगितलं, मग स्ट्रेचरवर चढला.

१८ ऑक्टो.
क्लासच्या आधी रिहॅब, दुपारी कुबड्या घेऊन टायलरबरोबर मॅचचे व्हिडिओ. ओरडून त्याचा घसा बसलाय. काल प्रॅक्टिसमध्ये टायलर चुकला, कोच तापले. मार्कस म्हणाला, "माय फॉल्ट, कोच. मीच तसं सांगितलं होतं." सांगितलं नव्हतं. मी तिथेच होते.
अभय जेवताना: "घरात पाऊल टाकलं की मार्कस, मार्कस. मीपण पाय मोडून घेऊ का?" नवऱ्याचं म्हणणं खरंच आहे.

१४ नोव्हें.
कुबड्या कधीच गेल्या. सरळ छान धावतो. उद्या शेवटची होम मॅच. शेवटच्या वर्षाची मुलं आईवडिलांचा हात धरून मैदानात येतात. जिंकलो तर लीग आमची, पुढे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी.
टेस्ट घेतली. एका पायावर उडी, मग एकदम बाजूला वळायचं. गुडघा आतल्या बाजूला झुकला, म्हणजे अजून पक्का नाही. जरासाच. टीमचे डॉक्टर म्हणाले, "तुझं मत?"
"नाही."
 मार्कसने टेबलावरच्या टॉवेलची घडी घातली आणि तो गेला.

१५ नोव्हें.
त्याची आई ओहायोहून बसने आलेली. त्याने ओळख करून दिली. "ममा, हिनेच मला परत चालतं केलं."
"अँड शी वोन्ट लेट यू प्ले."
हात पुढे केला नाही तिने.  माझ्या लेकीला, मिहिकाला कुणी असं थांबवलं असतं तर मी तरी...
मॅचच्या अगदी शेवटी समोरची टीम आमच्या गोलरेषेपाशी. अजून जरासे पुढे सरकले की हरलोच. मार्कस साइडलाइनवरून हातवारे करतोय, टायलर बघतोय. टायलरने अडवलं! जिंकलो!! मार्कस सगळ्यात आधी मैदानात. धावत! "मार्कस, वॉक!" ओरडले मी. कोण ऐकतंय. त्याची आई एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. माझ्याकडे एकदा बघितलं. तेवढंच.

२० नोव्हें.
प्लेऑफ परवा. सकाळी पोचले तर हा दाराशी, बूट बांधून तयार. "टेस्ट मी अगेन?"
म्हटलं, उद्या, डॉक्टरांसमोर.
"फेअर."
पट्टी बांधताना विचारलं, "टायलर कसा वाटतो?"
"बेटर दॅन मी." केवढा खूश होऊन म्हणाला! मग खाली बघत, "बट आय स्टिल वॉन्ट टु प्ले."
उद्या डॉक्टर परत विचारणार, तुझं मत? जे दिसेल तेच सांगायचं. पण याने खेळावंच असं मला इतकं वाटत असताना, माझ्या डोळ्यांना नीट दिसेल का...