गॅनेटांच्या मरणाला रविवारची सुट्टी

प्रिय डोलिनाताईस,

धाकट्या तोरमोदचा टोपी काढून नमस्कार. गुडघा कसा आहे? एडिनबरात जिने फार, त्यात तू हट्टी. इकडे तुझ्या भावजयीची, पेगी-ॲनची, खोकल्याची बाटली संपली, खोकला उरला. बाकी ठीक. (ठीक म्हणजे काय, पाऊस आडवा आहे एवढेच.)

उन्हाळाभर आमच्याकडे राहिलेली एल्सपेथ तुला आठवत असेल, विद्यापीठातली गणितवाली पोरगी. गॅनेट पक्ष्यांतली रोगाची साथ दर दोन-तीन वर्षांनी का उलटते, याचे ती गणित मांडते. एवढाले पांढरे पक्षी किनाऱ्यावर पोत्यांसारखे पडलेले, आणि ही त्यांची समीकरणे करते. मेलेले मोजायचे काम माझ्याकडे. मोजलेल्याच्या पंखावर निळा फराटा ओढायचा, म्हणजे तो वाहत पुढच्या खाडीत गेला तरी पुन्हा मोजला जात नाही. (माझे बूट, कुत्रा आणि पेगी-ॲनचा चर्चचा कोट हेही आता मोजून झालेले आहेत.)

रविवारी मात्र फेरी नाही; देवाच्या वारी काम बंद. आपल्या गावात रविवारी दोरीवर एक मोजा वाळताना दिसला, तरी सोमवारी पाद्रीबुवा दारात उभे; मग माझ्यासारख्या चर्चच्या पंचाने रंगाचा डबा घेऊन किनाऱ्यावर कसे हिंडावे? पण एल्सपेथने माझ्या फोनवर बसवलेला तक्ता, रकाना रिकामा सोडला की पुढेच सरकेना. म्हणून दर रविवारी मी शून्य ठोकून दिले. सोमवारपर्यंत भरती येऊन बरेचसे घेऊन गेलेली असते.

आणि त्या शून्यांवर पोरगी लट्टू झाली! "तोरमोदकाका, बघा ना, दर सातव्या दिवशी मरण थांबतंय! पक्षी रोगाला पुरून उरतायत!"

पेगी-ॲन रस्सा ढवळता ढवळता म्हणाली, "म्हणजे गॅनेटसुद्धा आपल्याच चर्चचे निघाले की!"

मला हसू आले नाही. आठ वर्षांत समुद्रातला गॅनेटांचा खडक पुन्हा पक्ष्यांनी भरेल, असे एल्सपेथचे गणित सांगते. शुक्रवारी ती ते तुमच्याकडे एडिनबरात सरकारी साहेबांपुढे मांडणार, आणि खडकावर पुन्हा पिल्लांच्या शिकारीच्या होड्या सोडायच्या की नाही ते त्यावर ठरणार. गाव खुशीत आहे. पिल्ले खारवायला फिनलेने मिठाची पोतीसुद्धा आणून ठेवली. तिला खरे सांगायला मी तीनदा तोंड उघडले आणि तीनदा चहा प्यालो. लाज वाटली म्हणून नव्हे, ताई. आठ वर्षांनी मी पंचाहत्तरचा होईन. भरलेला खडक डोळ्यांनी पाहता येईल, असे वाटून गेले.

तुझा,
तोरमोद

ता. क. सोबतची चिठ्ठी शुक्रवारच्या आत एल्सपेथच्या हातात दे. पोस्टातली कॅटी-मे प्रत्येक पत्ता वाचते आणि गावभर सांगते, म्हणून तुझ्या नावाने पाठवतो आहे.

ता. क. दुसरा. चिठ्ठीत अकरा रविवारांचे खरे आकडे आहेत. पहिला एकेचाळीसचा, शेवटचा दोनशे सहाचा. दर रविवारी चर्चमधून मी किनाऱ्यानेच घरी आलो. रंग लावला नाही, नुसते मोजले. पाद्रीबुवांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. आणि हे आकडे घालून तिचे जे नवे उत्तर येईल, ते मला कळवू नकोस.